काळ्या काचा आधी आपल्या गाड्यांच्या काढा



गेल्या उन्हाळ्यात एका तालुक्याच्या बैठकीला पांढरी गाडी आली. चारी काचा काळ्याभोर, आत कोण बसले आहे ते दिसेना. पारावर टेकलेली माणसे गडबडीने उठून उभी राहिली. दार उघडले तर छातीवर बिल्ला लावलेला आपलाच कार्यकर्ता! एक म्हातारे बोलले, "मले वाटलं, तहसीलदारच आला." सगळे हसले. आम्हीही हसलो, पण घरी पोचेपर्यंत ते वाक्य काही डोक्यातून जाईना. ज्या साहेबशाहीविरुद्ध आपण रस्ते अडवले, तिचाच पडदा आपण पदरचे पैसे मोजून आपल्या गाडीला चिकटवून घेतला आहे.

काचेचा कायदा काय आहे ते आधी नीट समजून घेऊ. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम १०० सांगतो की पुढच्या आणि मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के उजेड आरपार गेला पाहिजे. २७ एप्रिल २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्याच्याही पुढे जाऊन काचेवर वरून फिल्म चिकटवायलाच बंदी केली, मग ती फिल्म कितीही टक्क्यांची असो. ४ मे २०१२ पासून पावती फाडा आणि फिल्म जागेवरच उतरवा, असा पोलिसांना आदेश झाला. सवलत ठेवली ती झेड आणि झेड प्लस सुरक्षा असणाऱ्यांपुरती, तीही मंजुरी घेऊन. आमदार, सभापती, कारखान्याचा अध्यक्ष यांचे पद म्हणून त्या सवलतीत नाव नाही. पुढे केंद्राने नियम १०० बदलला आणि १ एप्रिल २०२१ पासून ठरल्या प्रतीच्या, आतून प्लास्टिकचा थर असलेल्या काचेला वाट दिली. २०२४ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने सांगितले की ७० आणि ५० चे माप पाळणाऱ्या फिल्मला दंड करता येणार नाही. इकडे रस्त्यावर मात्र जो तो आपल्या सोयीचा आदेश दाखवतो.

म्हणजे सगळी गोष्ट पुन्हा मापावर आली. आणि माप म्हटले की आम्हाला कापूस खरेदी केंद्र आठवते. गाडी केंद्रावर लागली की ओलावा मोजायचे यंत्र हजर. ८ टक्क्यांपर्यंत पूर्ण भाव, त्याच्या वर टक्क्या-टक्क्याला कपात, १२ च्या वर गेला की माल परत. पहाटेच्या दवात भरलेल्या गाडीला कोणी दया दाखवत नाही. एका टक्क्यासाठी आमचा माणूस दोन-दोन रात्री गाडीखाली झोपतो. काचेतून किती उजेड जातो हे मोजायचेही यंत्र असते, हातात मावेल एवढे. आमच्या तालुक्याच्या चौकात ते आम्ही आजवर पाहिले नाही. तिथे हवालदाराचा डोळा हेच यंत्र, आणि तो डोळा काचेआधी नंबरप्लेट पाहतो. गावची माणसे बाजाराला नेणाऱ्या काळीपिवळीवाल्याची पावती फाटते. मागून येणाऱ्या काळ्या काचेच्या गाडीला सलाम मिळतो. ज्या मापाला यंत्र नाही, ते माप नव्हे, तो परवाना. एकाधिकार खरेदीत ग्रेडरच्या नजरेवर प्रत ठरायची. तेव्हा आपण काय भोगले ते इथल्या जुन्या माणसांना सांगायला नको.

दंडही पाहा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १७७ खाली पहिल्या वेळी ५०० रुपयांपर्यंत, पुन्हा सापडला तर १५०० पर्यंत. काळीपिवळीवाल्याची दिवसाची कमाई गेली. मोठ्याच्या गाडीत एवढ्याचे डिझेल आलटूनपालटून जळत असते.

आपले कार्यकर्ते म्हणतात, "ऊन किती असते हो, बाहेर पंचेचाळीस." ऊन खोटे नाही. पण कृषी महाविद्यालयात शिकलेली एक गोष्ट सांगतो. सूर्याकडून येणाऱ्या एकूण ऊर्जेतली जवळपास निम्मी डोळ्याला न दिसणाऱ्या अवरक्त किरणांत असते. ती अडवायला काच काळी करावी लागत नाही. उजेड आत सोडून उष्णता अडवणाऱ्या काचा मिळतात. आणि फिल्मचा हिशेबही दुकानदार पुरा सांगत नाही. डब्यावर ६० लिहिलेले असते, पण मूळ काचच ७५ टक्के उजेड सोडत असेल तर दोन्ही मिळून ४५ च होतात. एका चाळणीखाली दुसरी चाळणी धरली तर किती धान्य खाली पडेल, तसाच हा हिशेब. गिऱ्हाईक समजते आपण नियमात आहोत, आणि ५० च्या खाली सापडते.

न्यायालयाने हे उगाच केले नव्हते. काळ्या काचेआड गुन्हे लपतात, हे त्यामागचे कारण होते. त्याच वर्षी १६ डिसेंबरच्या रात्री दिल्लीत ज्या बसमध्ये त्या मुलीवर अत्याचार झाला, त्या बसला काळ्या काचा आणि पडदे होते. बंदीला साडेसात महिने होऊन गेले होते आणि ती बस राजधानीच्या रस्त्यांवर फिरत राहिली. आपल्या पोरी शिकायला तालुक्याला जातात, संध्याकाळच्या गाडीने परततात. त्यांच्यासाठी तरी हा प्रश्न शहरी लोकांचा म्हणून सोडू नका.

सरकार कमी असावे, असे म्हणणारे आपण. मग पोलिसाला आणखी एक काठी कशाला द्यायची, असे कोणी विचारील. काठी त्याच्या हातात आधीच आहे. आमची मागणी एवढीच की तिला माप लावा. चौकात यंत्र ठेवा, आकडा गाडीवाल्याला दाखवा, पावतीवर लिहा, आणि पुढाऱ्याच्या गाडीलाही तेच यंत्र लावा. हा ठराव जिल्हा बैठकीत येणार आहे.

पण ठराव मांडण्याआधी आपली दारे झाडू. बैठकीच्या दिवशी मंडपाच्या तोंडाशी साबणाचे पाणी, फडकी आणि केस वाळवायचे यंत्र ठेवलेले असेल. ज्याच्या गाडीला काळी फिल्म आहे, त्याने ती तिथेच उतरवावी आणि मग आत यावे. कोपऱ्यातून गरम करत हळू ओढली की निघते. मागच्या काचेवर तापणाऱ्या तारा असतील तर तिथे पाते लावू नका, तारा तुटतात. आम्ही दोघे-तिघे सकाळी आठपासून तिथे असू.