आघाडा, हळद आणि तळ्यातला मासा

खानदेशात मासा म्हटला की आजवर तापी, गिरणा आणि हतनूरचा जलाशय एवढेच डोळ्यांपुढे येत असे. आता त्यात शेततळ्यांची भर पडली आहे. २०१६ साली राज्यात ‘मागेल त्याला शेततळे’ ही योजना आली आणि केळीच्या ओलितासाठी साठविलेल्या पाण्यात रोहू, कटला, मृगळ यांची बोटुकली सोडून जोडीला चार पैसे मिळविण्याची वाट खुली झाली. एप्रिल २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायास कृषीचा दर्जाही दिला. उत्तमच झाले! परंतु तळ्यातला मासा आजारी पडला तर त्याला काय द्यावे, याचे उत्तर शासननिर्णयात नसते.

ते उत्तर पुष्कळदा दुकानाच्या फळीवरून येते. दाटीने वाढविलेल्या माशांच्या अंगावर व्रण दिसले की प्रतिजैविकाची पुडी खाद्यात मिसळायची, मात्रा अंदाजाने. न खाल्लेले खाद्य आणि विष्ठेवाटे बाहेर पडलेले औषध पाण्यात व गाळात उतरते आणि तेथील जिवाणू त्या औषधाला सरावतात. आमच्या अनेक वाचकांच्या ताटात मासा येत नाही; म्हणून हा विषय त्यांना परका ठरत नाही. सरावलेला जिवाणू शाकाहारी-मांसाहारी असा भेद करीत नाही. युरोपीय संघाने केवळ वजनवाढीसाठी पशुखाद्यात प्रतिजैविके घालणे १ जानेवारी २००६ पासून बंद केले. आपल्या केंद्र सरकारने मार्च २०२५ मध्ये, अन्नासाठी पाळल्या जाणाऱ्या प्राण्यांकरिता क्लोरॅम्फेनिकॉल व नायट्रोफ्युरान या औषधांवर बंदी घातली.

मग पर्याय कोणता? तो आपल्या बांधावर उभा आहे. श्रावणात जिवतीला आणि भाद्रपदात गणरायाला वाहिला जाणारा आघाडा घ्या. दिल्ली विद्यापीठातील संशोधकांनी २००५-०६ च्या सुमारास त्याचे बी अल्प प्रमाणात खाद्यात मिसळून कटला व रोहू यांना दिले. माशांची प्रतिकारशक्ती वाढली आणि व्रण उत्पन्न करणाऱ्या एरोमोनास जिवाणूशी रोहू अधिक समर्थपणे झुंजला. भुवनेश्वरच्या गोड्या पाण्यातील मत्स्यसंवर्धन संस्थेत हळदीचे व आंब्याच्या कोयीचे असेच प्रयोग रोहूवर झाले. केळीच्या सालीचे पीठही रोहूच्या खाद्यात घालून पाहिले गेले आहे. ज्या मुलखात केळीच्या वेफर्ससाठी सालींचे ढीग पडतात, तेथे ही वार्ता कोणी शेतकऱ्याच्या कानावर घालील काय?

येथे स्वदेशीच्या अभिमान्यांना, म्हणजे आम्हांला स्वतःलाही, एक गोष्ट बजावली पाहिजे. वनस्पती म्हणजे निरुपद्रवी, ही समजूत भाबडी आहे. सातपुड्यातल्या मोहाचीच पेंड पाहा. बोटुकली सोडण्यापूर्वी तळ्यातले नको असलेले मासे मारण्यासाठी ती वापरतात, कारण तिच्यातील सॅपोनिन माशाच्या रक्तपेशी फोडते. सरकीच्या पेंडेतला गॉसिपॉलही प्रमाणाबाहेर गेला की माशाला बाधतो. म्हणजे प्रश्न देशी-विदेशीचा नसून मात्रेचा आहे, आणि मात्रेवाचून औषध नाही हे आयुर्वेदाइतके स्पष्टपणे दुसऱ्या कोणी सांगितले आहे?

तेव्हा ‘हर्बल’ असे ठळक अक्षरांत छापलेली, पण आत कोणती वनस्पती किती आहे याचा उल्लेख नसलेली पाकिटे हीदेखील फसवणूकच होय. तिला भगवे वेष्टन घातल्याने ती शुद्ध होत नाही. हळदीच्या जखम भरून काढण्याच्या गुणावरील अमेरिकन पेटंट १९९७ मध्ये रद्द झाले, ते आपल्या घोषणांमुळे नव्हे. वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने लेखी पुरावे मांडले म्हणून.

असेच पुरावे आता तळ्याकाठी हवेत. वर्सोव्याची केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्था, नागपूरचे पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठ आणि जळगावचे आपले विद्यापीठ यांनी हतनूरच्या परिसरातील शेततळी निवडावीत. एका तळ्यात नित्याचा कोंडा व शेंगदाणा पेंड, शेजारच्या तळ्यात त्यातच आघाडा वा हळद मोजून मिसळलेली. दोन्हीकडची मरतूक, वजन आणि खर्च हंगामभर नोंदवून ती वही मराठीत प्रसिद्ध करावी. जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयाने तोवर एवढे करावे: घटक व मात्रा न छापलेल्या पाकिटांचे नमुने तपासणीस पाठवावेत.