युरियाचा दाणा गोल कसा होतो?

खरीप आला की रिसोड, केनवड भागातल्या कृषी केंद्रांवर युरियाची विचारणा सुरू होते. २०२५ च्या हंगामात चीनने निर्यातीवर घातलेल्या निर्बंधांमुळे आयात घटली आणि टंचाई अनेक राज्यांना जाणवली. अशा वेळी बोलणे होते ते पोत्यांच्या संख्येवर. पोत्यातल्या दाण्याकडे सहसा कोणी पाहत नाही.

अलिबागजवळ थळ येथे आरसीएफच्या कारखान्यात हा दाणा तयार होतो, तो बुंदी पाडावी तसा. युरिया सुमारे १३३ अंश सेल्सिअसला वितळतो. हा रस उंच मनोऱ्याच्या माथ्यावरून, बारीक छिद्रांच्या फिरत्या भांड्यातून खाली सोडतात. धारेचे थेंब होतात, पृष्ठताणामुळे थेंब गोल होतो आणि खालून वर येणाऱ्या हवेत पडता पडता गोठतो. थेंब फार मोठा असेल तर तळाशी पोचेपर्यंत आतून ओलाच राहतो. फार लहान असेल तर धूळ होऊन उडतो. बंदुकीचे छर्रे असेच पाडण्याची युक्ती ब्रिस्टलच्या विल्यम वॉट्सने १७८२ मध्ये पेटंट केली होती.

रस जास्त वेळ तापत राहिला की त्यात बाययुरेट तयार होते. ते पिकाला, विशेषतः पानांवरच्या फवारणीत, अपायकारक ठरते. म्हणून खत नियंत्रण आदेशात त्याला दीड टक्क्याची कमाल मर्यादा आहे. दाण्याच्या आकाराचेही निकष तिथेच आहेत. हे निकष कागदी नाहीत. भुकटी झालेला युरिया ओल धरतो, त्याचे ढेकूळ होते आणि पेरणीयंत्राच्या नळीतून तो सारखा पडत नाही. मग एका तासाला जास्त, दुसऱ्याला कमी.

२०१५ पासून देशातल्या सगळ्या युरियावर कडुनिंबाच्या तेलाचा लेप बंधनकारक आहे. त्यामुळे नत्राचे नायट्रेटमध्ये रूपांतर मंदावते. शिवाय अनुदानाचा युरिया प्लायवूडच्या डिंकाकडे किंवा भेसळीच्या दुधाकडे वळवणे अवघड व्हावे, हाही हेतू होता. मात्र उघड्यावर फेकलेल्या दाण्यातला अमोनिया उडून जाणे हा लेप थांबवत नाही. आपल्याकडच्या चुनखडीयुक्त काळ्या जमिनीत हे नुकसान अधिकच. गव्हाला, हळदीला दिलेला युरिया मातीआड गेला पाहिजे. सोयाबीनची गोष्ट वेगळी: मुळांवरच्या गाठी हवेतला नत्र धरतात, त्यामुळे तिथे पोत्यावर पोते ओतण्याचे कारणच उरत नाही.