खरूज एकट्याची नसते

गोंदिया तालुक्यातील दवनीवाडा हे काही अरण्यातले गाव नव्हे. भोवताली धानाच्या बांध्या आहेत, गोंदिया शहरही आवाक्यात आहे. मात्र येथून पूर्वेकडे सालेकसा, देवरी ह्या तालुक्यांतील गोंड व हलबा वस्त्यांकडे जावे, तसतसे दवाखान्याचे अंतर वाढत जाते. खरूज मात्र दोन्हीकडे तीच असते, आणि तिच्यावरील उपचार दोन्हीकडे बहुधा एकाच कारणाने फसतो.

खरूज म्हणजे अस्वच्छतेचे फळ, हा समज सुशिक्षितांतही आढळतो. वास्तविक ती अर्ध्या मिलिमीटरहूनही लहान अशा किडीमुळे होते. मादी कातडीत बोगदा करून रोज दोन-तीन अंडी घालते. प्रथमच लागण झालेल्या माणसाला खाज सुटायला ४ ते ६ आठवडे लागतात. तोवर एका वाकळेत झोपणाऱ्या सर्वांना त्याने ती नकळत दिलेली असते. खाजवून झालेल्या जखमांत जंतू शिरले, तर पुढे मूत्रपिंडाला सूज येण्यापर्यंत मजल जाते. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली तिचा समावेश दुर्लक्षित उष्णकटिबंधीय रोगांच्या यादीत केला.

आता आपल्या आरोग्य शिबिरांची रीत पाहू. खाजवणाऱ्या मुलाच्या आईच्या हाती मलमाची एक नळी ठेवायची आणि पुढच्या रुग्णाकडे वळायचे. हेतू चांगला, पण हिशेब चुकीचा! परमेथ्रिनचे ५ टक्क्यांचे मलम मानेपासून तळपायापर्यंत रात्रभर लावायचे असते, घरातील सर्वांनी एकाच दिवशी, खाज नसलेल्यांनीही. आणि आठवड्याने पुन्हा. प्रौढ माणसाला एका वेळी जवळजवळ एक नळी लागते. सहा माणसांच्या घरात एक नळी दिली, तर मूल बरे होते आणि पंधरवड्यात भावंडांकडून आजार परत घेते. शिवाय कीड मेल्यावरही खाज २ ते ४ आठवडे टिकते, हे कोणी सांगत नाही. मग औषध खोटे ठरते आणि दुकानातले स्टेरॉईडचे मलम घरात येते. त्याने खाज दबते, कीड मात्र सुखाने नांदते.

वस्तीवरच्या जुन्या उपायांना हसण्याचेही कारण नाही. गंधकाचे मलम तान्ह्या मुलांसाठी व गरोदर स्त्रियांसाठी आजही डॉक्टर देतात. कपडे उकळायला सरपण नसेल, पावसाळ्यात ऊन नसेल, तर ते पिशवीत घट्ट बांधून तीन-चार दिवस ठेवले तरी चालते. माणसाच्या अंगाबाहेर ही कीड त्याहून जास्त जगत नाही.

एकेका रुग्णाऐवजी सबंध वस्तीला औषध दिले तर काय घडते, हे फिजी बेटांवर २०१२ साली सुरू झालेल्या एका अभ्यासाने दाखवले. आयव्हरमेक्टिनच्या गोळ्या सर्वांना दिलेल्या वस्त्यांत वर्षभरात खरजेचे प्रमाण शंभरात ३२ वरून २ वर आले. जेथे फक्त रुग्ण व त्यांच्या निकटच्या लोकांवर उपचार झाले, तेथे ते ३७ वरून १९ वरच थांबले.

ही गोळी पूर्व विदर्भाला अनोळखी नाही. हत्तीरोग निर्मूलनासाठी तीन औषधांची जी एकत्रित मोहीम नागपूर जिल्ह्यात २०१९ साली झाली, तिच्यातील एक औषध आयव्हरमेक्टिनच होते. घरोघर जाऊन समोर गोळी गिळवण्याची रीत आरोग्य कर्मचाऱ्यांच्या अंगवळणी पडली आहे. फरक इतकाच, की खरजेसाठी ७ ते १४ दिवसांनी दुसरी मात्रा द्यावी लागते आणि गरोदर स्त्रिया व १५ किलोहून कमी वजनाची मुले वगळून त्यांना मलम द्यावे लागते. दुसरी मात्राच आमच्या मते खरी कसोटी आहे. धान निघाल्यावर मजूर कामाच्या शोधात बाहेर पडतात. त्यानंतर पहिला दिवस ठरवला, तर निम्मी घरे कुलूपबंद सापडतील. तारीख दवाखान्याच्या सोयीने नव्हे, वस्तीला विचारून ठरवावी. स्त्रियांची तपासणीही स्त्रीनेच करावी. बाहेरच्या डॉक्टरपुढे कोणी पदर बाजूला करणार नाही.

आपल्या धर्मग्रामातून ह्या भागात कोणी धर्मभगिनी वा तरुण सेवेसाठी जाणार असतील, तर त्यांनी नळ्यांची खोकी नेण्याआधी शिक्षक व आशाताईंच्या मदतीने मुलांच्या बोटांच्या बेचक्या आणि मनगटे पाहावीत. शंभरात दहा वा अधिक जणांना खरूज निघाली, तर जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांच्या मते सबंध वस्तीलाच औषध द्यावे. तो आकडा घेऊन प्राथमिक आरोग्य केंद्रात जावे.