हातांची भाषा आणि इंग्रजीचा तास

दरवर्षी २३ सप्टेंबर हा दिवस आंतरराष्ट्रीय सांकेतिक भाषा दिन म्हणून पाळला जातो. संयुक्त राष्ट्रांनी २०१७ साली तसा ठराव केला आणि पुढल्या वर्षापासून सभा भरू लागल्या. त्या सभांत टाळ्यांऐवजी दोन्ही हात उंचावून हलविण्याची रीत आता प्रमुख पाहुण्यांनाही चांगली साधली आहे. परंतु दुसऱ्या दिवशी कर्णबधिर मुलांच्या शाळेत इंग्रजीचा तास कसा होतो, याची चौकशी त्या पाहुण्यांपैकी कोणी करीत असेल असे आम्हांस वाटत नाही. पुष्कळ ठिकाणी तो असा होतो: शिक्षक फळ्यावर वाक्य लिहितात, ओठ सावकाश हलवून ते म्हणतात आणि मुले ते वहीत उतरवून घेतात. अक्षर सुबक असते. अर्थ मात्र फळ्यावरच राहतो.

ज्याला ऐकू येते त्या मराठी मुलाला इंग्रजी कसे आले, हे येथे आठवून पाहावे. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमाला हाती घेऊन पिढ्यान्‌पिढ्या इंग्रजी शिकल्या. आधी मराठी वाक्य, मग त्याचे इंग्रजी रूप, आणि दोहोंतील फरक कशात आहे याची फोड. मराठीचा आधार घेतला म्हणून कोणाचे इंग्रजी खुंटले नाही. कर्णबधिर मुलाची अशी आधाराची भाषा त्याच्या हातांत असते, आणि इंग्रजीच्या तासाला नेमके तेच हात बांधून ठेवण्याचा आग्रह धरला जातो! पायाखालची फळी काढून घ्यावयाची आणि मूल वर का चढत नाही म्हणून हळहळावयाचे, असा हा प्रकार आहे.

ओठ पाहून भाषा शिकता येईल ही समजूत फार जुनी आहे. आरशापुढे उभे राहून ‘पॅट’, ‘बॅट’ आणि ‘मॅट’ हे तीन शब्द आवाज न काढता म्हणून पाहावेत. तिन्ही वेळा ओठ सारखेच मिटतात आणि सारखेच उघडतात. ज्याला ती भाषा आधीच येते तो संदर्भाने शब्द ओळखतो. ज्याला ती शिकावयाची आहे त्याने संदर्भ कोठून आणावा? तथापि १८८० साली इटलीतील मिलान येथे भरलेल्या शिक्षकांच्या परिषदेने खुणांपेक्षा वाचा श्रेष्ठ असा निर्णय देऊन टाकला. १६४ प्रतिनिधींत बहिरा प्रतिनिधी एकच होता. त्या ठरावाची छाया जगभरच्या शाळांवर पडली आणि आपल्याकडील शाळाही त्याच छायेत वाढल्या. २०१० साली व्हँकुव्हर येथील परिषदेने तो ठराव अमान्य केला. मध्ये १३० वर्षे गेली.

खुणा म्हणजे हातवारे नव्हेत, ती व्याकरण असलेली भाषा आहे, हे शास्त्रशुद्ध रीतीने प्रथम दाखविले ते विल्यम स्टोकी यांनी, १९६० साली. हे गृहस्थ वॉशिंग्टनच्या गॅलोडेट महाविद्यालयात इंग्रजीचेच प्राध्यापक होते, ही गोष्ट आमच्या विषयाच्या दृष्टीने ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

भारतीय सांकेतिक भाषेचेही असेच आहे. तिच्यात प्रश्नार्थक खूण वाक्याच्या शेवटी येते. ‘तुझे नाव काय’ हाच क्रम. नकारही शेवटी येतो. ‘इज’ आणि ‘द’ यांना तिच्यात जागा नाही. मराठी वाचकाला यात काही ओळखीचे वाटेल, कारण इंग्रजीच्या उंबरठ्यावर आपणही याच ठिकाणी अडखळलो. म्हणून जाणता शिक्षक आधी संपूर्ण आशय खुणांनी सांगतो, मग इंग्रजी वाक्य लिहितो, आणि हातांच्या वाक्यात नसलेले कोणते शब्द कागदावर का आले, ते पुन्हा खुणांनीच समजावतो. मुलगा धावतो, नळ वाहतो, दुकान चालते. इंग्रजी या तिन्ही ठिकाणी ‘रन’ म्हणू शकते, पण हातांना त्यासाठी तीन वेगळ्या खुणा कराव्या लागतात. एका शब्दासमोर एक खूण ठेवून पाठ करून घेणारा शिक्षक येथे फसतो. इंग्रजी शब्दांच्या क्रमाने ओळीने खुणा करीत जाणे हेही तसेच. ते ना धड इंग्रजी, ना धड सांकेतिक भाषा. (‘पुट’ आणि ‘बट’ यांचे उच्चार वेगळे का, हा आमच्या वर्गातील मुलांना छळणारा प्रश्न मात्र कर्णबधिर मुलाला पडत नाही. इंग्रजी त्याला प्रथमपासून डोळ्यांनी भेटते.)

पालकांची भीती आम्ही जाणतो. बहुसंख्य कर्णबधिर मुले ऐकू येणाऱ्या आईबापांच्या पोटी जन्मतात. खुणा शिकविल्या तर मूल बोलावयाचे राहील, असे त्यांना वाटते. श्रवणयंत्राने वा कॉक्लिअर इम्प्लांटच्या शस्त्रक्रियेने ज्यांना बोलणे साधते त्यांनी ते जरूर साधावे. त्याला कोणाचा विरोध आहे? पण बोलणे येईपर्यंत मुलाला कोणतीच भाषा न देणे हा सावधपणा नव्हे. त्या वर्षांत भाषेवाचून राहिलेल्या मनाला इंग्रजीच काय, गणितही शिकविणे कठीण जाते.

काही परीक्षा मंडळे श्रवणबाधित विद्यार्थ्यांना एका भाषेची सूट देतात. हेतू दयेचा आहे, आणि ज्या मुलांना भाषा शिकविलीच गेली नाही त्यांना आज ती सूट नाकारणे क्रूरपणाचे होईल. परंतु बँकेचा अर्ज, नोकरीची जाहिरात, औषधाच्या बाटलीवरील सूचना आपल्या देशात बहुधा इंग्रजीत असतात, आणि तेथे सूट नसते. ज्याला ऐकू येत नाही त्याचा परक्यांशी व्यवहार लेखणीनेच व्हावयाचा. सप्टेंबर २०२३ मध्ये सारा सनी या कर्णबधिर वकील महिलेने दुभाष्याच्या साहाय्याने सर्वोच्च न्यायालयात काम चालविले. त्या न्यायालयाचे कागद इंग्रजीत असतात. हात आणि लेखणी यांचे सख्य झाले म्हणजे काय घडते, ते तेथे दिसले.

२०११ च्या जनगणनेत ऐकण्याच्या अपंगत्वाखाली ५० लाखांहून अधिक माणसांची नोंद झाली आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने सांकेतिक भाषा जाणणारे शिक्षक, त्यांत अपंग शिक्षकही, नेमण्याचे कर्तव्य सरकारवर सोपविले. दिल्लीत २०१५ साली भारतीय सांकेतिक भाषेसाठी स्वतंत्र केंद्र स्थापन झाले. त्याच्या कोशात २०२१ साली १० हजार शब्द झाले. ही भाषा शिकविण्याची पदविकाही तेथे कर्णबधिर उमेदवारांना मिळते. कर्णबधिर तरुणांनीच कर्णबधिर तरुणांना, रोजच्या व्यवहारातला मजकूर घेऊन, खुणांतून इंग्रजी शिकविण्याचा प्रयोगही सेंट्रल लँकेशायर विद्यापीठाच्या पुढाकाराने आपल्या देशात होऊन गेला आहे.

तेव्हा कायदा आहे, कोश आहे, पदविका घेतलेली माणसेही आहेत. वर्गात जागा तेवढी नाही. राज्य सरकारने येत्या जूनपूर्वी दोन गोष्टी जाहीर कराव्यात: कर्णबधिरांच्या किती शाळांत इंग्रजीच्या शिक्षकाला सांकेतिक भाषा सफाईने येते, आणि त्या शाळांत कर्णबधिर शिक्षकांसाठी मंजूर जागा किती आहेत. हे आकडे सरकारच्या दप्तरी नसतील, तर ते गोळा करण्यापासून आरंभ करावा.