आधी बुरशीचे नाव सांगा!

पनवेलमधल्या आयसीयूंबाहेर रात्री-अपरात्री तासभर उभे राहून पाहावे. द्रुतगती मार्गावर चिरडलेल्या पोराचा बाप हातात चिठ्ठी घेऊन मेडिकलकडे धावत असतो. चिठ्ठीवर कॅस्पोफंजिन, नाहीतर मायकाफंजिन. तो बायकोचे दागिने मोडतो, पतपेढीचे उंबरे झिजवतो आणि इंजेक्शन आणून देतो. त्याला आमचे सांगणे आहे: बाबा, पैसे मोजताना एक प्रश्न विचार. माझ्या लेकराच्या रक्तात कोणती बुरशी सापडली?

हा प्रश्न उद्धटपणाचा नाही. या प्रश्नाच्या उत्तरावर त्याच्या लेकराचा जीव आहे आणि शेजारच्या खाटेवरच्या रुग्णाचाही.

ही इंजेक्शने इकायनोकॅन्डिन गटातली. बुरशीच्या पेशीभोवती भिंत असते, आणि त्या भिंतीतले ग्लुकान विणणाऱ्या विकरावरच हे औषध घाव घालते. माणसाच्या पेशीला भिंतच नसल्यामुळे रुग्णाला त्याची झळ फारशी लागत नाही. ॲम्फोटेरिसिन हे जुने बुरशीनाशक मूत्रपिंडे पिळून काढते. तशी भीती येथे नाही. म्हणूनच 2001 साली कॅस्पोफंजिन बाजारात आल्यापासून रक्तात शिरलेल्या कॅन्डिडा बुरशीवर हाच गट डॉक्टरांची पहिली पसंती ठरत गेला. आपल्याकडे तर त्याचे मोल दुप्पट आहे. 2009 साली टोकियोतल्या एका वृद्धेच्या कानात सापडलेली कॅन्डिडा ऑरिस आज भारतातल्या आयसीयूंत ठाण मांडून आहे आणि फ्लुकोनाझोल या नेहमीच्या बुरशीनाशकाला ती बहुतांशी दाद देत नाही. देशातल्या 27 आयसीयूंच्या पाहणीत, तीही 2011-12 मधल्या, ती 19 ठिकाणी आढळली होती. जागतिक आरोग्य संघटनेने 2022 साली सर्वांत घातक बुरशींच्या यादीत तिला वरच्या गटात बसवले.

आणि हेच औषध आपण ‘अँटिफंगल कव्हर’ म्हणून अंदाजाने ओतत आहोत! रुग्ण कोसळत असताना अहवालाची वाट न पाहता औषध सुरू करावे लागते, हे आम्हाला मान्य आहे. तो डॉक्टरांचा धर्मच आहे. पण रक्ताचे कल्चर न पाठवता सुरू करणे आणि चार दिवसांनी अहवालात काही नसतानाही चालूच ठेवणे, याला वैद्यक कोण म्हणेल? भिंत विणणारे ते विकर घडवणाऱ्या बुरशीच्या एफकेएस जनुकात एक अक्षर बदलले की औषधाची पकड सुटते. लघवीत आणि पोटातल्या पुवात हे औषध पुरेसे पोहोचत नाही. नेमकी तिथेच अर्धमेली बुरशी शहाणी होते. 2021 साली अमेरिकेत, वॉशिंग्टन डीसी आणि टेक्सासमध्ये, इकायनोकॅन्डिन कधीही न घेतलेल्या रुग्णांतही प्रतिकारक ऑरिस सापडली. ती एका रुग्णाकडून दुसऱ्याकडे गेली होती. म्हणजे एकाच्या खाटेवर वाया घालवलेल्या औषधाची किंमत दुसराच कुणीतरी भरतो.

त्याच वर्षी काळ्या बुरशीने महाराष्ट्र हादरवला. ॲम्फोटेरिसिनच्या कुप्यांसाठी माणसे जिल्ह्याजिल्ह्यांत वणवण फिरली. तेव्हा तरी शिकायला हवे होते की बुरशी म्हणजे एकच रोग नव्हे. काळ्या बुरशीवर इकायनोकॅन्डिन एकटे काही करू शकत नाही. नाव ठाऊक नसेल तर कोणते औषध द्यायचे हे ठरवणार कसे? ऑरिसला तर साध्या प्रयोगशाळा दुसऱ्याच कॅन्डिडाच्या नावाने ओळखतात, आणि रोजच्या फिनाइल-साबणाच्या फरशीपुसणीने ती खाटेवरून हटत नाही. क्लोरीन लागते, हात धुण्याची शिस्त लागते. ही कामे स्वस्त आहेत. म्हणूनच बहुधा कुणाच्या बिलात दिसत नाहीत.

येथे एक आठवण काढावीशी वाटते. 1960 च्या दशकात पिंपरीच्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्समध्ये डॉ. थिरुमलाचार आणि सहकाऱ्यांनी हॅमायसिन हे बुरशीनाशक शोधले, आणि ज्या जिवाणूतून ते निघाले त्याला पिंपरीचेच नाव दिले. ज्या महाराष्ट्राच्या मातीने असे औषध दिले, त्या महाराष्ट्राला हाती आलेली औषधे जपताही येऊ नयेत?

पनवेल महापालिका 2016 साली झाली. शुश्रूषागृहांची नोंदणी आणि तिचे नूतनीकरण तिच्याच हातात आहे. एवढा अधिकार हाताशी असताना आयुक्तांनी थांबायचे कशासाठी? प्रत्येक आयसीयूने वर्षाला रक्तातील बुरशीच्या किती रुग्णांची नोंद केली, कितींची जात ओळखली, कितींची औषधसंवेदनशीलता तपासली आणि किती कुप्या वापरल्या, हे चार आकडे दिल्याशिवाय नूतनीकरण करू नये. ऑरिस आढळल्यास महापालिकेला तत्काळ कळवणे बंधनकारक करावे. लहान रुग्णालयांचे नमुने तपासण्यासाठी एका सुसज्ज प्रयोगशाळेशी महापालिकेने करार करावा आणि त्याचा खर्च आरोग्याच्या अंदाजपत्रकात दाखवावा.

हा हुकूम कोणत्या तारखेला निघणार, ते आयुक्तांनी जाहीर सांगावे. ती तारीख मिळेपर्यंत आम्ही दर आठवड्याला मागत राहू.