मॉडेल नको, जमाखर्चाची वही द्या!

शाळेतल्या मुलांना ‘समाजासाठी एखादा उद्योग सुचवा’ असं सांगितलं की काय होतं? पुठ्ठ्याचं मॉडेल होतं, रंगीत तक्ता होतो, प्रमुख पाहुणे येतात, टाळ्या पडतात, सर्टिफिकेट मिळतं. दुसऱ्या दिवशी मॉडेल माळ्यावर! आपल्या सबमिशनचं होतं तसंच. यात ‘सामाजिक’ थोडंफार असेलही, पण ‘उद्योग’ कुठे आहे?

सामाजिक उद्योग म्हणजे दान नव्हे आणि नुसता धंदाही नव्हे. लोकांची एखादी अडचण सोडवायची आणि त्यातूनच काम चालू राहील एवढं कमवायचं. उदाहरणासाठी लांब जायला नको. १९५९ मध्ये गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. त्याचंच पुढे ‘लिज्जत’ झालं. तिथे मॉडेल नव्हतं, पीठ होतं आणि हिशोब होता.

हा हिशोब मुलांना कळेल का? दिल्ली सरकारने २०२१ मध्ये ‘बिझनेस ब्लास्टर्स’ ही योजना आणली. सरकारी शाळांतल्या अकरावी-बारावीच्या मुलांना प्रत्येकी २,००० रुपयांपर्यंत भांडवल दिलं. मुलांनी गट करायचे, कल्पना ठरवायची आणि खरंच करून बघायची. त्यावर टीव्हीचा कार्यक्रमही झाला. माझ्या मते मात्र ज्यांच्यावर कॅमेरा गेला नाही, ज्यांचे पैसे बुडाले, त्यांच्या वह्या जास्त वाचण्यासारख्या असतील.

का, ते बघा. समजा, पाच मुलांनी कापडी पिशव्या करायच्या ठरवल्या. प्लॅस्टिक कमी होईल आणि वस्तीतल्या गरजू बायकांना शिवणकाम मिळेल. कल्पना झकास! आता हिशोब. एका पिशवीला कापड १८ रुपये, शिलाई १० रुपये, दोरा-बंद २ रुपये. झाले ३०. वाणी म्हणतो, “२० च्या वर एक पैसा देणार नाही.” आता? एक जण म्हणेल, शिलाई पाचवर आणू. दुसरी म्हणेल, अगं, ज्यांच्यासाठी हे सुरू केलं त्यांचेच पैसे कापायचे? तिसरा शिंप्याकडच्या चिंध्या आणायला सांगेल. चौथी म्हणेल, मिठाईवाल्याचं नाव छापू, वरचे पैसे त्याच्याकडून घेऊ. पाचवा बिचारा म्हणेल, बंद करून टाकू.

माझं म्हणणं एवढंच की सामाजिक उद्योगाचं सगळं शिक्षण या भांडणात आहे. तो कोणाच्या जिवावर स्वस्त करायचा, हा प्रश्न तक्त्यावर कधीच येत नाही. तो खरी पिशवी, खरा वाणी आणि खरी शिवणारी बाई समोर असली की येतो. आणि तो एकट्याने सुटत नाही, म्हणून गट हवा.

“दहावी तोंडावर आणि ही नसती थेरं कशाला?” असं पालक म्हणतील. त्यांना पाबळ दाखवावं. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या या गावी विज्ञान आश्रम सुरू केला. तिथून खेड्यांतल्या शाळांत ‘मूलभूत तंत्रज्ञान’ हा विषय गेला. वेल्डिंग, वायरिंग, शेती, आहार हे सगळं मुलं हातांनी करत शिकतात आणि त्यातून गावाच्या उपयोगाची कामंही करतात. फाटकाचं वेल्डिंग कच्चं राहिलं तर गावकरी मार्क कापत नाही, फाटकच परत आणतो. असा परीक्षक कुठल्या बोर्डाकडे आहे?

आता आपलं काय? टेक-फेस्टमध्ये शाळांसाठी स्पर्धा ठेवायची असेल तर मॉडेल मागू नका. एका गटाला थोडे पैसे आणि तीन महिने द्या, शेवटी फक्त जमाखर्चाची वही तपासा. तोटा झाला तरी चालेल, पण का झाला ते लिहिलेलं हवं. मेकॅनिकलवाल्याने जिग करून द्यावा, कॉम्प्युटरवालीने हिशोबाची शीट शिकवावी. पण निर्णय त्यांचा. आपण शहाणपणा करून त्यांचा प्रोजेक्ट ‘करून दिला’, तर ते फक्त आपलंच आणखी एक सबमिशन होईल.

आणि मित्रांनो, त्या वहीत एकदा डोकवाच. शिलाईचे १० रुपये शेवटी किती झाले, ते बघायला.