फॉर्म भरला, पुढे काय?

माननीय आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य, यांस



तालुक्याच्या गावात माझा दवाखाना आहे. नातवाचा ताप, नवऱ्याची शुगर, सासूचे गुडघे घेऊन बायका येतात. स्वतःसाठी येतात त्या अंगावरून जायला लागल्यावर, आणि तेही अंगावर काढून झाल्यावर. तिशीनंतर दर पाच वर्षांनी गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची तपासणी सरकारी केंद्रात फुकट होते, हे फार थोड्या जणींच्या कानावर गेलेलं असतं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात, देशातल्या ३० ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ही तपासणी कधीतरी झालेल्या होत्या १.९ टक्के.

पुरावा मात्र आपल्या घरचा आहे. १९९९ साली मुंबईचं टाटा रुग्णालय आणि बार्शीचं नर्गिस दत्त कॅन्सर रुग्णालय यांनी, आंतरराष्ट्रीय कॅन्सर संशोधन संस्थेच्या साथीने, आजच्या धाराशिव जिल्ह्यातल्या १ लाख ३१ हजारांवर खेडवळ स्त्रियांचा अभ्यास सुरू केला. एका गटाची आयुष्यात एकदाच एचपीव्ही, म्हणजे या कॅन्सरला कारण ठरणाऱ्या विषाणूची चाचणी केली, गरज होती तिथे उपचार केले. आठ वर्षांत त्या गटात या कॅन्सरने ३४ जणी गेल्या. तपासणी न केलेल्या, जवळपास तेवढ्याच मोठ्या गटात ६४. त्या न तपासलेल्या गटावरून पुढे नैतिकतेचा वाद झाला, आणि तो रास्तच होता. मुंबईच्या वस्त्यांत आरोग्यसेविकांनी नुसतं ॲसिटिक ॲसिड लावून, डोळ्यांनी पाहून केलेल्या तपासणीने मृत्यू ३१ टक्क्यांनी घटल्याचं २०१४ साली प्रसिद्ध झालं.

धाराशिवच्याच मराठवाड्यात, बीडला, ऊसतोड करणाऱ्या बायकांच्या गर्भाशयाच्या पिशव्या सर्रास काढल्या जात असल्याचं २०१९ मध्ये उघड झालं. ‘पुढे कॅन्सर होईल’ ही भीती त्यांतल्या कित्येकींना घातली गेली होती. काही मिनिटांच्या तपासणीने जी शंका फिटली असती, तिच्यासाठी बाईने कर्ज काढून पोट फाडून घ्यावं? मला या विषयात सगळ्यात जास्त राग येतो तो इथे.

आपल्या आशाताई तपासणीसाठी घरोघर फॉर्म भरतात. तक्ता भरतो, टक्केवारी चढते. पण तपासणीच्या खोलीला पडदा नसेल तर बाई टेबलावर चढत नाही. चढली आणि ॲसिड लावल्यावर पांढरा डाग दिसला, तर हातात चिठ्ठी मिळते: जिल्ह्याला जा. म्हणजे एक रोज बुडाला, एसटीचं भाडं, सोबतीला कोणीतरी, आणि सासूला काय सांगायचं हा प्रश्न वेगळाच. ती गेली का, हे तिला कोणी विचारत नाही. मलाही कोणी कळवत नाही, आणि पुढच्याच आठवड्यात ती लेकराचा खोकला दाखवायला माझ्यासमोर बसलेली असते.

टीबीत सरकारने हा धागा जोडला आहे. रुग्ण कळवला की खासगी डॉक्टरला पाचशे रुपये, उपचार पुरे झाले की आणखी पाचशे. तसंच इथे करा, फक्त पैसे पहिल्या टप्प्याला देऊ नका. डाग निघालेल्या बाईचे उपचार झाल्याची नोंद आली की डॉक्टरला आणि आशाताईला द्या. टीबीसाठी आलेल्या ट्रूनॅट यंत्रावर एचपीव्हीची चाचणीही होते. नमुना बाई स्वतः घेऊ शकते, म्हणजे टेबल-पडद्याचा प्रश्न बराचसा सुटतो. बाधित पेशी उष्णतेने जाळायचं उपकरण हातात मावतं. ते तालुक्याच्या रुग्णालयात असावं, म्हणजे जिल्ह्याची वारी कॅन्सरचा संशय असलेल्यांपुरतीच उरेल. माझ्यासारख्यांना दोन दिवसांचं प्रशिक्षण द्या, जेवणाचा डबा आम्ही आणू.

सुरुवात कुठून करायची असं आपलं खातं विचारेल. धाराशिवमधून करावी. त्या न तपासलेल्या गटातल्या स्त्रियांच्या लेकी-सुना आज तिशी-चाळिशीत आहेत.

आपली,
तालुक्याच्या गावातली एक फॅमिली डॉक्टर